कच्च्या पोरांची वही



मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या, म्हणून हल्ली कुणाला गिरणी कामगार म्हणून सांगितलं की तो माझ्याकडं जुन्या फोटोकडं बघावं तसा बघतो. पण इकडं सूत अजून निघतंय, तीन पाळ्या चालू आहेत. शिक्षण नववी नापास. पुढचं सगळं वाचनालयाच्या बाकावर झालं. कविता करतो. पण आज कविता द्यायची नाही, एका वहीबद्दल सांगायचंय. ती वही मी लिहिली आणि तिच्यापायी एक पोरगं बोर्डिंगातनं गेलं. कबुली म्हणा, तक्रार म्हणा. दोन्ही आहे.

त्याआधी दुसऱ्या एका वहीबद्दल सांगतो, म्हणजे मी कुठनं आलो ते कळंल.

पाचवी ते नववी मी मिशनच्या एका बोर्डिंगात होतो. नाव सांगत नाही. आम्ही बौद्ध. पण आयनं एवढंच बघितलं की तिथं दोन वेळ पोटभर आहे, अंगाला कापड आहे, आणि मारलं तरी जातीवरनं मारत नाहीत. तिला तेवढं पुष्कळ होतं. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, मग दोन तास अभ्यास. हॉलमध्ये पुढच्या दोन रांगा कच्च्या पोरांच्या. ट्यूबलाईट बरोबर डोक्यावर. वॉर्डन सर छडी घेऊन त्या दोन रांगांमधनं फेऱ्या मारायचे. त्यांची एक लांबडी वही होती, लाल पुठ्ठ्याची. कोण डुलक्या घेतो, कोण अर्धा तास एकच पान धरून बसलाय, चाचणीत कुणाला किती, सगळं तिच्यात. शनिवारी प्रार्थना संपली की तिच्यातली नावं वाचून दाखवायचे. ज्याचं नाव आलं त्यानं दुपारी खेळायचं नाही, गोठा काढायचा. सातवीला माझं नाव लागोपाठ चार महिने आलं. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा मला बघून उठून उभ्या राहायला लागल्या.

माझं दुखणं काय होतं? मला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. दुसरीला असताना बाप वीटभट्टीवर होता, आम्ही सगळे तिथंच होतो. तेवढ्यात शाळेत ते शिकवून झालं असणार. साधी अक्षरं मला यायची. फळ्यावरचं उतरवून घ्यायलाही यायचं, पण ते चित्र काढल्यागत. म्हणून वही देखणी, आणि वाचायला उभं केलं की तोंडाला कुलूप. सर म्हणायचे, साला माजलाय, येत असून वाचत नाही. चार महिन्यांत त्या लाल वहीत माझ्यावर ओळीच्या ओळी लिहून झाल्या. पण 'तुला नेमकं काय येत नाही रे?' असं कुणी विचारलं नाही.

विचारलं ते स्वयंपाकाच्या मावशीनं. मावशी मूळची आपल्यातलीच, तिच्या आजानं कधीतरी मिशन धरलेलं. मोठेपणी बायकांच्या वर्गात वाचायला शिकलेली. एकदा मला म्हणाली, ज्वारीचा डबा आण, गव्हाचा नको. दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. मी दोन्ही झाकणं उघडून बघितली आणि मग एक उचलला. तिनं ते बघितलं. बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसवून डबा समोर ठेवला.

"बाळा, ह्येच्यावर काय लिवलंय?"

मी गप्प.

"ह्यो ज अर्धा हाय. भाकरी मोडून अर्धी हातात घेतल्यागत. त्येला फुडचा व चिकाटलाय. आता म्हण."

मी म्हटलं, ज्वारी. मग तिनं सगळ्या डब्यांच्या चिठ्ठ्या मला वाचायला लावल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरावरची नावं वाचायला लावली, पोत्यावरचे शिक्के वाचायला लावले. रोज भाजी निवडताना अर्धा तास. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा एसटीवरची पाटी मी आयला वाचून दाखवली.

पुढं ऑफिस झाडायची पाळी माझ्यावर आली तेव्हा लाल वही टेबलावर उघडी होती. माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'शिस्तीमुळे सुधारणा.' शिस्तीतलं जोडाक्षर मला नीट वाचता आलं.

मावशीला वाचन शिकवता आलं, गणित तिलाही येत नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं, म्हणून ढकलपास होत गेलो. केंद्रानं २०१९ ला ती तरतूद बदलली, ते पुढचं. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की ज्या पोराची शाळा राहून गेली त्याला वयाप्रमाणं वरच्या वर्गात बसवा, पण मागं राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवा. बसवणं झालं. भरून काढणं कुठं झालेलं मला दिसलं नाही. नववीला आपटलो. आयला बोलावून घेतलं. दाखला तयारच होता. तिनं एवढंच विचारलं, अंगठा कुठं करू? येताना सगळ्या वाटेनं तो कागद तिनं पदरात गुंडाळून धरला होता, चुरगळू नये म्हणून.

मग यंत्रमागावर कांड्या भरणं, आणि अठरा झाल्यावर गिरणी.

आता दुसरी वही.

आमच्या भागात आपल्या लोकांच्या एका संस्थेची शाळा आहे, विहार आहे आणि विहाराला लागून बोर्डिंग आहे. ह्याचंही नाव सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही तिथं मोर्चा न्याल आणि आपापल्या गावची बोर्डिंगं विसराल. पोरं बहुतेक ऊसतोड्यांची, बांधकामवाल्यांची, भंगारवाल्यांची. सकाळी वंदना, त्रिशरण पंचशील, मग शाळा. संध्याकाळी परत वंदना आणि अभ्यास. छडी नाही. भंतेजी बारक्या पोरालासुद्धा अरेतुरे करत नाहीत. मला ती जागा फार आवडली. गिरणीची साप्ताहिक सुट्टी असली की मी तिथं जायला लागलो, आणि पहिली पाळी असली की संध्याकाळीही. भंतेजी म्हणाले, "कच्च्या मुलांवर तुम्ही लक्ष ठेवा. तुम्ही त्यांच्यातून आला आहात."

मी वही आणली. मुद्दाम निळ्या पुठ्ठ्याची. पट्टीनं रकाने आखले. अभ्यासाला किती वाजता बसला, मधे किती वेळा उठला, झोपला का, गृहपाठ झाला का, चाचणीत किती. बेचाळीस पोरांतली अकरा माझ्या वहीत. मला त्या वहीचा फार अभिमान होता. महिन्याच्या शेवटी बेरजा करायचो. मिशनच्या वॉर्डनपेक्षा माझं काम कितीतरी नेटकं होतं.

त्या अकरांत एक नववीतलं पोरगं होतं. बीडकडचं. सगळे त्याला 'बीड' म्हणूनच हाक मारायचे. आयबाप इकडच्या कारखान्याला ऊस तोडायला येतात, म्हणून याला इथं ठेवलेला. वंदना सांगायला भंतेजी त्यालाच पुढं बसवायचे. लांबलांब पालीतली सुत्तं, एक अक्षर चुकायचं नाही, आवाज खणखणीत. आणि गणिताच्या तासाला हा खिडकीतनं बाहेर बघत बसलेला. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं एका वर्षात चौदा वेळा एकच शेरा आहे : 'लक्ष देत नाही.' अक्षर माझंच आहे. आता नाकारून काय उपयोग?

एप्रिल २०२४. जयंती झाली. मंडपात गुणवंतांचा सत्कार झाला. तुम्हीही असले सत्कार केलेत, मीही खुर्च्या लावल्यात. ऐंशी टक्क्यांच्या वरच्याला पुष्पगुच्छ, नव्वदच्या वरच्याला मानचिन्ह. माझ्या वहीतली अकरा पोरं मंडपाच्या मागं पाण्याचे ग्लास धुवत होती. हे मी तेव्हा बघितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे महिन्यात संस्थेची बैठक झाली. सेक्रेटरी साहेब बँकेतनं निवृत्त झालेले, चळवळीतले, स्वतः खस्ता खाऊन शिकलेले. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "दहावीचा निकाल यंदा शंभर टक्के लागला पाहिजे. बाकीच्यांच्या शाळांचे निकाल बघा. आपला साठ टक्के लागला की लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको. म्हणतात, ह्यांना सवलती द्या नाहीतर काय द्या." मग माझी वही त्यांनी हातात घेतली, चाळली आणि खूष झाले. "भाऊ, तुम्ही काम सोपं करून टाकलंत. नववीतली ही पाच मुलं दहावीला बसवायची नाहीत. दाखला घेऊन जाऊ देत. पुढं वाटलं तर सतरा नंबरचा फॉर्म भरतील."

सतरा नंबर म्हणजे बाहेरनं दहावी. ते पोरगं शाळेच्या निकालात धरलं जात नाही. पास झालं तर झालं, नापास झालं तर शाळेला डाग नाही.

मी काय बोललो? काही नाही. माझ्या कामाचं पहिल्यांदाच कुणीतरी कौतुक केलं होतं. मी वही पुढं सरकवली.

आठ दिवसांनी बीडचा बाप आला. रात्रभर एसटीनं बसून आलेला. पट्टा संपवून नुकता गावाकडं गेलेला, हाताच्या चिरा अजून बुजल्या नव्हत्या. ऑफिसात सही केली, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर. पोरगं शेजारी वळकटी घेऊन उभं. मी दारात, वही काखेत. बापाला वाटलं मीच सर. त्यानं हात जोडले.

"सर, तुमी लै लक्ष ठिवलं. पोरगं सांगत व्हतं. आमचंच नशीब दगडाचं."

आणि गेला.

मला तिथं आय दिसली. पदरात कागद गुंडाळून बसलेली. तिनंही बहुतेक वॉर्डनला हात जोडले असणार, मी तेव्हा खाली बघत होतो.

त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. रिंग फ्रेम कशी असते ते ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगतो. एका फ्रेमला हजारावर चात्या. प्रत्येक चातीवर धागा पिळला जाऊन बॉबिनवर गुंडाळतोय. आमचं काम फेरी मारत राहणं आणि धागा तुटलेला दिसला की सांधणं. तुटलेल्या जागी वरनं कापूस येतच राहतो, पण तिथं खाली हवेची नळी असते, ती तो ओढून घेते. खाली कचरा दिसत नाही, गलका होत नाही. फ्रेम चालूच. लांबनं बघणाऱ्याला वाटतं सगळं झकास चाललंय. मी नवा होतो तेव्हा एका चातीवर धागा सारखा तुटायचा. सांधला की तुटला. मी कापसाला शिव्या देत होतो. आमचा म्हातारा जॉबर पाठीमागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "कापूस सगळ्या चात्यांवर एकच हाय न्हवं? मग ह्याच चातीवर का तुटतोय? ट्रॅव्हलर बघ." ट्रॅव्हलर म्हणजे रिंगवर फिरणारी नखाएवढी तारेची कडी, तिच्यातनं धागा जातो. बघितला तर झिजलेला होता. बदलला, धागा चालू.

त्या रात्री फेऱ्या मारताना हे आठवलं. चौदा वेळा एकाच जागी धागा तुटला आणि चौदा वेळा मी ते वहीत लिहून ठेवलं. गिरणीत असं केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात घरी बसवला असता.

मित्रांनो, इथं थोडं मागं जाऊ. ही बोर्डिंगं आपल्याकडं आली कशाला? आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे सांगायची गरज पडू नये. शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेका समाजाची वसतिगृहं उभी करायला लावली. १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हणाले, त्यानं नकार दिला, तेव्हा त्याला बोर्डिंगातनं काढलं. तो म्हणजे भाऊराव पाटील. बोर्डिंगातनं काढलेल्या त्या पोरानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालू केलं. बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षी, १९२५ ला, सोलापूरला सभेचं वसतिगृह निघालं. जी पोरं घरी राहिली तर गळणारच, ती गळू नयेत म्हणून ही घरं उभी केली. आणि आता आपलीच संस्था गळणारी पोरं आधी वेचून बाहेर ठेवते, म्हणजे निकालात गळती दिसत नाही. हवेची नळी आपणच बसवली.

आणखी एक सांगतो. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा अडतीसच्या आत. आपल्या जयंतीच्या मंडपात त्यांना पुष्पगुच्छ मिळाला नसता. आपल्या बोर्डिंगात असते तर माझ्या वहीत असते. तेव्हाच्या लोकांनी मात्र त्यांचा सत्कार केला, कारण ते कुठनं आले ते त्यांना माहीत होतं. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना दिलं, आणि पुढं सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून दिली. आणि बाप रामजी? परळच्या चाळीत एक खोली. पोराला संध्याकाळी लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर मग आपण आडवे व्हायचे. पुस्तकं घ्यायला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडं जाऊन दागिना मागून आणायचे आणि गहाण टाकायचे. जागा अपुरी म्हणून जागा, पुस्तक नाही म्हणून पुस्तक. पोराला काय कमी पडतंय ते त्यांनी बघितलं. हे आपण भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो.

जूनच्या बैठकीला मी परत गेलो. या वेळी वही दिली नाही. म्हटलं, ही वही खोटी आहे. सेक्रेटरी साहेब चिडले. "तुम्हीच लिहिलीत ना?" म्हटलं, मीच लिहिली, म्हणूनच सांगतोय. ह्यात पोरं काय करत नाहीत ते आहे. का करत नाहीत ते एका ओळीतही नाही. बरीच बाचाबाची झाली. नववी नापास माणसानं आम्हाला शिक्षण शिकवू नये, असंही एकजण म्हणाला. मी म्हटलं, नापास कसं करतात ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तेव्हा थरथरत होतो, एवढा काही शूर नव्हतो.

भंतेजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण मुलांना रोज सांगतो की दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे. या वहीत कारणाला रकाना नाही. तेवढा एक आखा."

पाचातली दोन पोरं तोवर गेली होती. तीन राहिली. नवी वही झाली. रकाने असे : कुठल्या इयत्तेपर्यंतचं गणित खरोखर येतं. वाचन कुठपर्यंत. आजवर शाळा कुठल्या वर्षी, किती महिने बुडली. फळा दिसतो का. झोप लागते का. घरनं फोन येतो का. आणि शेवटचा रकाना : ह्यावर आपण काय केलं, कुणी केलं, कधी केलं. तो रिकामा राहिला तर दोष पोराचा धरायचा नाही.

तीन पोरांची तीन दुखणी निघाली. एकाला फळा दिसत नव्हता. सरकारी दवाखान्यात डोळे तपासले, चष्मा लागला. दुसरा अंथरुण ओलं होईल ह्या भीतीनं रात्र रात्र जागायचा आणि दिवसा डुलायचा. माझ्या जुन्या वहीत तो 'झोपाळू' आहे. त्याला मोरीजवळची जागा दिली, रात्री एकदा उठवायची पाळी लावली, चारचौघांत बोलायचं नाही असं ठरवलं. तिसऱ्याचं इंग्रजी पाचवीपासनंच बसलेलं. त्याला परत पाचवीचं पुस्तक दिलं, वर निळं कव्हर घालून, म्हणजे बाकीच्यांना दिसू नये. तिघंही मार्च २०२५ ला दहावीला बसले. दोन पास झाले. एकाचा विषय राहिला. शंभर टक्के लागला नाही. आकाश कोसळलं नाही.

बीडचं काय? त्याच्या बापाचा नंबर लावून बघितला, लागायचा नाही. दिवाळीनंतर टोळ्या यायला लागल्या तसा मी सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन कारखान्याच्या बाजूला कोप्या हुडकत फिरायला लागलो. डिसेंबरात सापडला. फडातनं येऊन कोपीपुढं कोयत्याला धार लावत बसलेला. आयबापाचा एक कोयता आणि आता ह्याचा अर्धा. मला बघून उठला, "जय भीम दादा" म्हणाला, पाणी दिलं. आयनं चहा ठेवला. त्यांच्या वागण्यात राग नव्हता. त्यानंच जास्त लाजल्यासारखं झालं.

जो प्रश्न मी वर्षभरात विचारायला पाहिजे होता तो तिथं विचारला. तुला गणितात नेमकं काय येत नव्हतं रे?

"दादा, मला भागाकार कव्हा शिकवलाच नाई. दिवाळी झाली की आमी कारखान्याला. शिमग्यानंतर वापस. तवर सर पुढं गेलेले. मंग लाज वाटायची इचारायला."

दुसरीपासनं सहावीपर्यंत दरवर्षी पाच-सहा महिने. सुत्तं ऐकून पाठ व्हायची, भागाकार ऐकून येत नाही. खिडकीतनं बाहेर बघणं हा त्याचा माज नव्हता. वर्गात जे चाललंय त्यात त्याला शिरायला दारच नव्हतं.

निळी वही पिशवीत होती. मागचं कोरं पान काढलं. म्हटलं, तुझ्या आयबापानं उचल किती घेतलीय? एक लाख. टनाला दर? जानेवारी २०२४ ला ठरलेला, ३६६ रुपये. मग उचल फिटायला किती टन तोडावा लागंल? त्यानं आधी बापाकडं बघितलं, मग कागदाकडं. मावशीनं मला अर्धी भाकरी दाखवली होती, मी त्याला मोळ्या मांडायला लावल्या. आधी लहान आकडे. बारा मोळ्या, तीन माणसं. मग तेरा मोळ्या, तीन माणसं, एक उरली, ती बाकी. तास-दीड तास गेला. अंधार पडला तसा मोबाईलची बॅटरी लावली. शेवटी ३६६ नं लाखाला भाग घातला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आलं. २७३ टन, बाकी ८२ रुपये. म्हटलं, दोघं मिळून दिवसाला दोन टन धर, किती दिवस? १३६ दिवस, बाकी एक टन. हे त्यानं स्वतः केलं.

मग तो त्या आकड्याकडं बघत बसला.

"म्हंजी दादा, समदा पट्टा नुसती उचलच फेडायची?"

बाप बिडी ओढत होता, त्यानं मान हलवली. "मंग खायाला वाढं इकायचं. न्हाई पुरलं तर फुडच्या सालाची उचल." त्याला हे कायमचं माहीत होतं. पोराला त्या रात्री कागदावर दिसलं.

तो पट्टा संपेपर्यंत मी दर सुट्टीला जात राहिलो. कोपीतली आणखी तीन-चार पोरं येऊन बसायला लागली. अपूर्णांक झाले, शेकडेवारी झाली. २०२५ च्या पावसाळ्यात गावाकडनं त्याचा फोन आला, सतरा नंबरचा फॉर्म भरतो म्हणाला. सेक्रेटरी साहेबांनी जो त्याच्या हातात घालवून देण्यासाठी दिला होता तोच. मी म्हटलं, भर, मीही भरतोय. हसला. त्याला वाटलं चेष्टा करतोय. पण मी खरंच भरला. सत्तावीस वर्षांचा आहे. मार्च २०२६ ला त्याच्या जिल्ह्यात तो बसणार, माझ्या जिल्ह्यात मी. पास होऊ का नाही ते माहीत नाही. बीजगणित मला अजून जड जातंय, आता फोनवरनं तो मला विचारतो, दादा कुठपर्यंत आलं?

दुसरं गेलेलं पोरगं मला अजून सापडलं नाही. पुण्याकडं बांधकामावर आहे असं ऐकतो. त्याच्याही नावापुढं माझ्या अक्षरात सात शेरे आहेत.

तुम्ही कार्यकर्ते आहात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावात, तालुक्याला आपलं एखादं बोर्डिंग आहे, किंवा मिशनचं, मठाचं, मदरशाचं, जिथं आपली, आपल्यासारख्यांची पोरं राहतात. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, जेवणात अळ्या निघाल्या की आपण तिथं जातो, घोषणा देतो. ते केलंच पाहिजे. पण एरवीही जा. संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेला जा आणि कच्च्या पोरांची वही मागा. ती असतेच. कुठं तिला वही म्हणतात, कुठं ती नुसती वॉर्डनच्या डोक्यात असते. तिच्यातलं एक नाव निवडा. एकच. त्या पोराशेजारी बसा, त्याला काय येत नाही ते विचारा. तो पहिल्या दिवशी सांगणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी सांगंल.

आणि येत्या १४ एप्रिलला गुणवंतांची यादी वाचून झाली की मंडपाच्या मागं ग्लास धुणाऱ्या पोरांना पुढं बोलवा, खुर्चीवर बसवा. तेवढा वेळ ग्लास आपण धुऊ.